चार किलो तेल

आमच्या आणि बोरकरांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती, आणि तीही अर्ध्या विटेची. भोपाळला बरखेड्याच्या वसाहतीत कारखान्याने सगळे क्वार्टर जोडीजोडीने बांधले होते. एकाची मोरी दुसऱ्याच्या मोरीला लागून, एकाचा ओटा दुसऱ्याच्या ओट्याला पाठ लावून. त्यामुळे पलीकडे काय चाललंय हे आम्हाला कधी विचारावं लागलं नाही. सकाळी पहिला भोंगा वाजायच्या आधी काकूंच्या कढईत मोहरी तडतडायची, मग लसूण पडायचा, आणि आमची आई इकडे कणीक मळता मळता सांगायची, "आज बोरकरांकडे मेथी आहे." काकू नागपूरकडच्या, त्यांचा हात तेलाला सढळ आणि तिखटाला त्याहून सढळ. त्यांच्या फोडणीने आमच्या घरात बाबांना ठसका लागायचा. भिंतीवर दोनदा कालथा आपटला की समजायचं, वाटी घेऊन या, वडाभात झालाय. आई आमच्याकडून एकदा आपटायची, म्हणजे येते. दोन बायकांनी त्या भिंतीतून पंधरा वर्षं संसार केला असं म्हटलं तरी चालेल.

वसाहतीत कुणाला पगार विचारायची पद्धत नव्हती, कारण गरजच नव्हती. क्वार्टरचा प्रकार सांगितला की ग्रेड कळायची, ग्रेड सांगितली की मूळ पगार कळायचा, नोकरीची वर्षं मोजली की वाढी कळायच्या. शाळेतल्या पोरांनासुद्धा हे पाठ. माझे बाबा टर्बाइनच्या ब्लॉकमध्ये इन्स्पेक्टर होते आणि बोरकरकाका स्टोअर्समध्ये, पण ग्रेड एकच, म्हणून आमच्यात उन्नीस-बीसचाही फरक नाही असं आम्ही धरून चाललो होतो. बाबांचा एक छोटा पोलादी शिक्का होता, त्यावर त्यांचा नंबर कोरलेला. तपासलेल्या पार्टवर तो हातोडीने ठोकायचा, की पार्ट पुढे गेला. "मोजल्याशिवाय शिक्का नाही," हे त्यांचं वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की मी आणि माझा भाऊ जेवताना एकमेकांना चिडवायचो. भाजीत मीठ आहे का विचारलं तर म्हणायचो, मोजल्याशिवाय शिक्का नाही. बाबाही हसायचे. माणूस गरीब स्वभावाचा, पण शिक्क्याच्या बाबतीत वरच्या साहेबालाही बधला नाही.

शोभा बोरकर माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण मैत्री बरोबरीची. मी अर्थशास्त्रात एम.ए. करत होते, का, तर बी.ए.ला त्याच विषयात बरे मार्क पडले होते, दुसरं काही कारण नव्हतं. वसाहतीच्या लेखी अर्थशास्त्र म्हणजे बँकेच्या परीक्षेची तयारी. बोरकरकाका मला बघितलं की विचारायचे, "काय रेवा, देशाचं बजेट कुठवर आलं?" शोभाचं तसं नव्हतं. तिला ठाऊक होतं तिला काय व्हायचंय. बी.कॉम. झालं की सीए करायचं, इंदूरला एखाद्या मोठ्या सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप करायची, आणि मग आपल्या नावाची पाटी. आकड्यांशी तिचं जे नातं होतं ते मी नंतर मोठमोठ्या ऑफिसांतही फार कुणात बघितलं नाही. सोळा वर्षांची असताना वसाहतीच्या गणपतीचा हिशोब फळ्यावर लावला होता, त्याच्यापुढून प्रसाद खात खात जाताना थांबली आणि खजिनदारांना म्हणाली, "काका, फुलं दोनदा लिहिली आहेत." दोनदाच लिहिली होती. खजिनदार पुढचे दोन महिने बोरकरांशी बोलले नाहीत.

सीएचं शिक्षण तेव्हाही स्वस्त नव्हतं आणि इंदूरला राहायचं म्हणजे खोली आली, खानावळ आली. त्याच वर्षी शहरातल्या एका ट्रस्टने अशा मुलींसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. चार मुली निवडायच्या, शिक्षण संपेपर्यंत सगळा खर्च. हुशारी मार्कांवरून कळतेच, गरज कशी कळणार? म्हणून त्यांनी आमच्या सक्सेना सरांना सांगितलं, अर्ज केलेल्या मुलींच्या घरी जाऊन पाहणी करून द्या. सर आमच्या विभागातले सर्वांत वजनदार. त्यांनी बरखेड्याकडची वीस घरं माझ्यावर सोपवली. "तुम तो वहीं की हो," म्हणाले. शिवाय हेही म्हणाले, की काम चांगलं झालं तर पुण्याच्या एका संशोधन संस्थेत माझ्यासाठी शिफारसपत्र लिहीन. पुण्याचं नाव ऐकल्यावर माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. भोपाळमध्ये वाढलेल्या मराठी मुलीला पुणं म्हणजे काय वाटतं, हे पुण्यातल्यांना कधी कळणार नाही. त्या वीस घरांत माझ्या शेजारच्या शोभाचंही घर आहे हे मी सरांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

फॉर्म नऊ पानी होता. वर ठळक अक्षरात छापलं होतं, "आपके द्वारा दी गई जानकारी गुप्त रखी जाएगी." खाली प्रश्न. गेल्या तीस दिवसांत गहू किती, तांदूळ किती, डाळ, तेल, दूध, साखर, भाजीवर किती, फळं आणली का, घरात कुणी एखादं जेवण चुकवलं का. लोक उत्पन्न लपवतात, पण खाण्याचं खोटं सांगणं अवघड जातं, असं सर म्हणायचे. तत्त्व चांगलं आहे. पुढे पस्तीस वर्षं मी त्याच तत्त्वावर पोट भरलं.

पहिली तेरा घरं मी नीट केली. वसाहतीच्या दुसऱ्या टोकाची, अनोळखी. दार वाजवायचं, पाणी मागायचं, बसायचं, दोन-दोन तास. उरलेली सात घरं आमच्याच रांगेतली आणि मागच्या रांगेतली. मे महिना, डांबर पायाला चिकटत होतं. पण ऊन हे काही खरं कारण नव्हे. खरं कारण लाज. ज्या बाईने मला लहानपणी स्वतःच्या हाताने वडाभात भरवला, तिला मी कागद-पेन घेऊन विचारू, की काकू, गेल्या महिन्यात तुमच्याकडे कुणी उपाशी झोपलं का? जीभ वळेना. आणि विचारायचं तरी कशाला, मला माहीत नव्हतं का सगळं? ग्रेड माहीत, माणसं किती माहीत, भिंतीपलीकडून रोज दोन वेळा कढईत कालथा वाजतोय तो कानांनी ऐकतेय. एका दुपारी पंखा लावून मी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसले आणि आमच्याच घरचे आकडे थोडे पुढेमागे करून सातही फॉर्म भरून टाकले. बोरकरांच्या फॉर्मवर तेल लिहिलं चार किलो. आमचं साडेतीन होतं, काकूंचा हात सढळ म्हणून अर्धा किलो वाढवलं. तेव्हा मला माझ्या या बारकाव्याचं कौतुकसुद्धा वाटलं, काय सांगू.

शोभाने मधे दोनदा विचारलं होतं. एकदा नळावर, एकदा बसस्टॉपवर. "आमच्याकडे कधी येतेस फॉर्म घेऊन?"

"तुमच्याकडे काय यायचं अगं, मला माहीत नाही का तुमचं?"

"ये तरी एकदा."

"येते की," मी म्हटलं, आणि तेवढ्यात माझी बस आली.

यादी जूनच्या शेवटी लागली. चार नावं, त्यात शोभाचं नाही. मार्कांत ती सगळ्यांच्या वर होती, म्हणून मला वाटलं टायपिंगची चूक असेल. विभागात जाऊन फाइल काढली तर तिच्या नावापुढे सरांच्या अक्षरात शेरा होता, "घर की स्थिति संतोषजनक." माझ्याच फॉर्मवरून आलेला. तेव्हाही मला फक्त वाईट वाटलं, बरं का, अपराधी नाही. म्हटलं, संतोषजनक तर आहेच की स्थिती, आमच्यासारखीच. शोभाची समजूत घालावी म्हणून मी भरदुपारी मागच्या दाराने त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, नेहमीसारखी, न विचारता. सर्व्हेच्या धावपळीत आणि परीक्षेत पाच-सहा महिने तिकडून गेले नव्हते, हे आत पाऊल टाकल्यावर लक्षात आलं.

काकू ओट्याशी उभ्या होत्या. डाव्या हातात कढईचा कान, उजव्या हातात कालथा, आणि त्या कढई खरवडत होत्या, परतल्यासारखं, मधून काठावर आपटत. गॅस बंद होता. कढई कोरडी होती. शेजारी पातेल्यात भाताची पेज होती आणि ताटलीत चार भाकऱ्या. मी दारात दिसले तसा त्यांचा हात थांबला, पण कालथा त्यांनी खाली ठेवला नाही. मला आधी कळेचना मी काय बघतेय. मग एकदम आठवलं, की गेले कित्येक महिने पलीकडून आवाज येत होता, वास येत नव्हता. बाबांना ठसका लागला नव्हता. वाटी घेऊन या म्हणून भिंतीवर दोन ठोके पडले नव्हते. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आईच्याही नाही. आई सकाळी म्हणायची, "बोरकरांकडे आज काहीतरी परततायत."

शोभा आतल्या खोलीतून आली. तिनेच सांगितलं, एका दमात, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरचं सांगतेय. काका कारखान्यातल्या एका दोस्ताला पतपेढीत जामीन राहिले होते. दोस्त नोकरी सोडून रातोरात गावी निघून गेला, पत्ता नाही. पतपेढीने काकांच्या पगारातून कटौती सुरू केली, निम्म्याहून जास्त, आणि ती आणखी तीन वर्षं चालणार होती. काकांनी घरात सगळ्यांना शपथ घातली होती, बाहेर बोलायचं नाही. आख्ख्या वसाहतीला ज्याचा पगार पाठ, त्याच्या पगारातून काय कापलं जातं हे मात्र त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्गात मी हाच फरक दोन वर्षं शिकत होते. हातात येणारं उत्पन्न आणि कागदावरचं उत्पन्न, यावर मला पेपरात दहापैकी नऊ मार्क होते.

"यादी लागली," मी कसंबसं म्हटलं.

"बघितली मी," शोभा म्हणाली.

"मी बघते काहीतरी. सरांशी बोलते." एवढं बोलून मी आले त्या दाराने निघून गेले. फॉर्म मी घरी बसून भरला हे तिथे, त्या दोघींच्या समोर, माझ्या तोंडून निघालं नाही.

बाबांना मात्र त्याच संध्याकाळी सांगितलं. ते कुंड्यांना पाणी घालत होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "मोजलं नव्हतंस?" मी नाही म्हटलं. "मग उद्या जाऊन सांग." मी विचारलं, पुण्याचं काय होईल? ते म्हणाले, "ते नंतरचं." त्यांना ते खरोखरच नंतरचं वाटत होतं. त्यांचा तेव्हा मला रागही आला.

दुसऱ्या दिवशी सक्सेना सरांपुढे उभी राहिले आणि सांगितलं, बोरकर का फॉर्म मैंने घर बैठकर भरा था. सरांनी पेनाचं टोपण लावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "देखो बेटा, एक फॉर्म है तो गलती है. ज़्यादा हैं तो फिर सर्वे ही नहीं है. पूरी लिस्ट वापस जाएगी, उन चार लड़कियों का भी रुकेगा. और तुम्हारी चिट्ठी मैं किस मुँह से लिखूँगा? सोचकर बताओ. कितने हैं?"

खिडकीबाहेर कॅन्टीनमध्ये कुणीतरी समोसे तळत होतं, त्याचा आवाजही येत होता आणि वासही. मी विचार केला. चार मुलींचा केला, हे खरं आहे, आणि तो केला म्हणून मी स्वतःला पुढे पुष्कळ वर्षं सोडूनही दिलं. पण त्या क्षणी डोळ्यांपुढे त्या मुली नव्हत्या, पुण्याची गाडी होती. मी म्हटलं, "एक, सर. एक ही है."

सरांनी ट्रस्टला पत्र लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, यावर्षीची निवड पूर्ण झाली आहे, मुलीने पुढच्या वर्षी अर्ज करावा. माझं शिफारसपत्र मात्र त्याआधीच टाइप होऊन आलं होतं. त्यात मी कष्टाळू आणि प्रामाणिक असल्याचं लिहिलं होतं.

घरी बाबांनी विचारलं, "किती सांगितलेस?"

"एक."

"आणि होते किती?"

मी सात म्हटलं. बाबांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "आमच्याकडे एक पीस खोटा निघाला तर सगळी लॉट परत मोजतात." एवढंच. त्यानंतर जेवताना शिक्क्याचं वाक्य आमच्या घरात कुणी थट्टेने म्हटलं नाही. माझ्या भावाने एकदा सवयीने म्हटलं, तर आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो घास तसाच धरून राहिला.

शोभाने पुढच्या वर्षाची वाट बघितली नाही. जुलैत ती करोंदच्या मंडीत एका अडत्याकडे हिशोब लिहायला लागली. बरखेड्याहून करोंद म्हणजे भोपाळचं एक टोक ते दुसरं टोक. सकाळी भोंग्याच्या आधीच निघायची, दोन बस बदलून. गव्हाच्या पोत्यांमध्ये बसून वही लिहिणारी ती तिथली पहिलीच मुलगी असावी. आज ती साठीला टेकली आहे आणि अजून तिथेच आहे. मंडीतले निम्मे व्यापारी तिच्याच भरवशावर आहेत. ताळेबंद ती तयार करते, सही दुसऱ्या कुणा सीएची असते. तो तिला मोठ्या आदराने दीदी म्हणतो आणि आत काय लिहिलंय ते न वाचता सही करतो, असं तिनेच मला एका लग्नात हसत हसत सांगितलं. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

माझी कारकीर्द उत्तम झाली. लोक काय खातात हे विचारण्यात माझं आयुष्य गेलं, कितीतरी राज्यांत, कितीतरी फॉर्म घेऊन. आता परत भोपाळात, शाहपुऱ्याच्या तळ्यासमोरच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहितेय. हाताखालच्या पोरांना मी एकच नियम लावला होता, की घरात गेल्यावर आधी पाणी मागायचं, आणि पाणी यायला लागतं तेवढा वेळ स्वयंपाकघराकडे कान आणि नाक दोन्ही लावून बसायचं. पोरं मला मागून "पानीवाली मॅडम" म्हणत. नियम कुठून आला हे मी कुणाला सांगितलं नाही. प्रशिक्षणात कुणी घरी बसून फॉर्म भरताना सापडला की मी त्याला काढून टाकत असे, रडला तरी. फार कडक आहे बाई, असं म्हणायचे. म्हणू देत.

पुण्याला निघायच्या दिवशी मी बोरकरांकडे निरोप घ्यायला गेले. शोभा मंडीत गेली होती, तिने बहुधा मुद्दामच सुट्टी घेतली नव्हती. काकूंनी मला बसवलं. आणि त्यांनी त्या दिवशी कढई तापवली. खरी तापवली. तेलाच्या बाटलीत तळाला होतं तेवढं सगळं ओतलं, मोहरी टाकली, लसूण टाकला, हिरव्या मिरच्या मोडून टाकल्या. माझ्या प्रवासासाठी झुणका करत होत्या. मी नको नको म्हणत राहिले आणि त्या परतत राहिल्या. भिंतीपलीकडे बाबांना ठसका लागलेला मला ऐकू आला, आणि माझा बांध फुटला.

"काकू, तुमचा फॉर्म मी घरी बसून भरला. तुम्हाला न विचारता."

"माहीत आहे मला," काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तू आलीच नाहीस, म्हणजे दुसरं काय?" मग जरा वेळाने, "नको रडू. आली असतीस तरी मी खोटंच सांगितलं असतं. यांची शपथ माझ्या तोंडून मोडली नसती. चार किलो तेल लागतं म्हणून सांगितलं असतं तुला."

चारच म्हणाल्या त्या. त्यांनी फॉर्म बघितला नव्हता, मी आकडा कधी सांगितला नव्हता. पूर्वी लागायचं तेवढंच, चार किलो. माझ्या छातीवरचं ओझं एकदम हललं. म्हणजे मी गेले असते तरी तेच झालं असतं. मी डोळे पुसले. मला वाटतं मी किंचित हसलेही.

काकूंनी गॅस बंद केला, झुणका डब्यात भरला, झाकण घट्ट लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"पण शोभा खरं सांगणार होती," त्या म्हणाल्या. "फॉर्मवर छापलंय म्हणे, गुप्त राहील म्हणून. म्हणजे शपथ मोडत नाही, असं तिने यांनाही पटवलं होतं. तीन रविवार घरातून हलली नाही पोरगी, तू येशील म्हणून. मला बजावून ठेवलं होतं तिने, रेवा येईल त्या दिवशी कालथा वाजवायचा नाही."